नदी न ओलांडणारी कार्बाइन

लमार ट्रेक्सलर बंदूक घ्यायला निघाला तेव्हा त्याने चक्क दाढी केली. आता रेप्शरच्या दुकानात जायला दाढी कोण करतं हो? आमच्या बँगर गावातले लोक तिथं चिखलाच्या बुटांनी जातात, फुकटची कॉफी ढोसतात, हरणांच्या गप्पा ठोकतात आणि काहीएक न घेता परत येतात. पण लमारने दाढी केली, कपाटातून निळा शर्ट काढला, त्याची बटणं नीट लावली आणि मग आरशात स्वतःकडे बघून उगीचच खाकरला.

बाहेर पडतो तोच समोरून व्हर्ना आली. व्हर्ना म्हणजे त्याची मेहुणी, त्याच्या वारलेल्या बायकोची, आर्लीनची, धाकटी बहीण. रस्त्यापलीकडेच राहते. आर्लीन गेल्यापासून या माणसाच्या पोटात वेळेवर काही जातंय की नाही हे बघायचं काम तिने स्वतःहून अंगावर घेतलेलं. तिच्या हातात चर्चमधल्या बायकांनी केलेल्या पेस्टींचा डबा होता. बटाटा, कांदा आणि मांस भरून भाजलेल्या, एक खाल्ली तरी दुपारचं भागावं अशा.

"कुठं निघालास नटूनथटून? पोरगी बघायला?"

"रेप्शरकडे."

"त्या थेरड्यासाठी दाढी?"

"बंदूक घ्यायचीय."

"अजून एक! आधीच्या काय अंडी देत नाहीत म्हणून?"

लमार हसला नाही. ट्रकचं दार उघडता उघडता म्हणाला, "ही माझी नाही. डॅरिलची आहे."

व्हर्नाचं तोंड एकदम बंद झालं, आणि हे आमच्या आळीत फारसं घडत नाही. डॅरिल म्हणजे लमारचा एकुलता एक मुलगा. त्याचं नाव या घरात हल्ली कोणी घ्यायचं नाही. भांडण झालं होतं म्हणून नव्हे. नाव घेतलं की लमार खिडकीबाहेर बघत बसायचा आणि मग जेवायचाच नाही, म्हणून.

"डॅरिलने मागितली?" तिने हळूच विचारलं.

"हो," लमार म्हणाला.

आणि ते खोटंही नव्हतं. डॅरिलने मागितली होती. फक्त तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

त्या वर्षी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये बंदुकांचं प्रदर्शन भरलं होतं. दर वर्षी भरायचं. बाप हरणाच्या रायफली बघत पुढे गेला आणि पोरगं मागे एका टेबलाशी चिकटलं. टेबलावर ब्रिटिश सैन्याची जुनी सबमशीनगन होती, स्टर्लिंग. काळी, आखूड, नळीभोवती भोकाभोकांची जाळी, आणि मॅगझिन खाली नाही तर डाव्या कुशीतून बाहेर आलेलं, किंचित वाकडं. डॅरिल खुळावला. त्याला तिथून हलवायला लमारला शेवटी त्याची कॉलर धरावी लागली. घरी आल्यावर पोराने पाण्याच्या नळाचा तुकडा घेतला, बापाच्या ड्रिलने त्याला भोकं पाडली, बर्फावरच्या मोडक्या घसरगाडीची वाकडी पट्टी बाजूला ठोकून मॅगझिन केलं आणि अख्खा उन्हाळा पाटीच्या दगडांच्या ढिगाऱ्यांतून ब्रिटिश सैनिक होऊन सरपटत काढला. तिकडे लमार कारखान्यात बिलियर्डच्या टेबलांसाठी तोच दगड घासत असायचा. संध्याकाळी दोघंही सारखेच करडे होऊन घरी यायचे आणि आर्लीन दोघांनाही दारातच थांबवायची.

"डॅड, मला खरी पाहिजे."

"अठरा वर्षांचा झालास की बघू."

बापांचं 'बघू' म्हणजे काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. अठराव्या वर्षी पोराला ट्रक हवा होता, मग एक पोरगी हवी होती, मग दुसरीच. बंदुकीचं पोरगाही विसरला आणि बापही. तोवर काही बिघडलं नव्हतं, कारण वर पॉटर काउंटीत त्यांची कॅबिन होती. लाकडी, गळकी, उंदरांनी भरलेली. नोव्हेंबराच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हरणांचा मोसम सुरू व्हायचा. त्या दिवशी आमच्याकडे शाळासुद्धा बंद, कारण वर्गात यायला मुलगेच नसायचे, आणि कित्येक वर्गांत मास्तरही नसायचे. जेनाशी लग्न करून डॅरिल नदीपलीकडे न्यू जर्सीत गेला, त्याला मुलगी झाली, नोएल, तरी त्या दिवशी तो कॅबिनवर यायचाच. आर्लीन मोठ्या पातेल्यात हॅम घालून पॉटपाय, म्हणजे कणकेचे चौकोन सोडलेलं दाट कालवण, करायची, बाप-लेक ओल्या मोज्यांनी चुलीपाशी बसायचे, आणि हरण मिळो न मिळो, वर्ष पार पडल्यासारखं वाटायचं.

मग आर्लीन गेली. त्या हिवाळ्यात लमार एकटाच कॅबिनवर गेला. दार उघडलं तर तिचा एप्रन खिळ्याला तसाच. तो उंबऱ्यावरूनच मागे फिरला, आणि गावात पोचायच्या आत विचारणाऱ्या पहिल्याच माणसाला त्याने कॅबिन विकून टाकली. डॅरिलला विचारलं नाही. नुसतं फोनवर सांगितलं.  पोरगा म्हणाला, "म्हणजे आता माझं तिकडे काही उरलंच नाही." चिडून नव्हे, साधंच. "बरं, ठेवतो," म्हणाला आणि ठेवला.

तेव्हापासून तो आला तो नाताळापुरता, नंतर नाताळालाही नाही. फोन यायचे. फोनवर टायर, बर्फ, गुडघे असलं सगळं निघायचं. मध्ये फक्त नदी होती हो! घरून कॉफी घेऊन निघालात तर पूल ओलांडेपर्यंत ती गरमच असते. पण त्या एका वाक्याने लमारच्या मनात असं काही घर केलं होतं, की पुलाकडे जाणारा रस्ता दिसला तरी तो मान दुसरीकडे वळवायचा. पोराचं इकडे काही उरलं नाही. आणि ते आपणच विकलं.

म्हणून या सप्टेंबरात रेप्शरच्या भिंतीवर ती बंदूक दिसली तेव्हा लमार तिथंच थिजला. भोकाभोकांची जाळी, डाव्या कुशीतलं वाकडं मॅगझिन. पाय घरी आले, पण डोकं तिथंच राहिलं. आठवडाभर तो एकच विचार करत होता, आणि तो विचार बंदुकीचा नव्हताच.

रेप्शरने ती भिंतीवरून उतरवून काउंटरवर ठेवली. कार्लटन रेप्शर हा माणूस कंबरेतून वाकडा आणि जिभेने त्याहून वाकडा. त्याच्या बापाचंही हेच दुकान होतं.

"मूळची ब्रिटिश स्टर्लिंग," तो म्हणाला, "म्हणजे हाडं मूळची. जुन्या बंदुका तोडून त्यांचे भाग इकडे आले, धड आणि नळी आपल्याकडे नवी केली. कार्बाइन म्हणतात हिला आता, खटका दाबला की एकच गोळी. भराभर उडणारी पाहिजे असेल तर सैन्यात जा, आणि तुला आता कोणी घेणार नाही."

"नळी अशी लांब का?" लमारने विचारलं. जाळीच्या बाहेर नळी चांगली वीतभर आलेली. त्याच्या आठवणीत ती तशी नव्हती.

"सोळा इंचाच्या खाली गेली तर सरकार तुझ्या घरी मुक्कामाला येतं. नाक वाढलंय बिचारीचं, पण कायद्यात बसते."

लमारने ती उचलली. वजनदार होती. खांद्याला टेकवायचा दांडा खालच्या बाजूला दुमडलेला होता, रेप्शरने तो उघडून दाखवला. लमारने खांद्याला लावली नाही, नुसती दोन्ही हातांत धरून उभा राहिला. बारा वर्षांचा डॅरिल टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बघत होता ते त्याला आठवलं.

"घेतो," तो म्हणाला.

रेप्शरने कागद पुढे सरकवला, पेन दिलं आणि सवयीने विचारलं, "कुणासाठी घेतोयस?"

"डॅरिलसाठी."

रेप्शरने पेन हातातून काढूनच घेतलं. "बाहेर जा."

"आँ?"

"बाहेर पायरीवर जाऊन उभा राहा. मग आत ये आणि नव्याने बोल. मी काही ऐकलं नाही. अरे, जन्म गेला तुझा इथं, तुला कळत नाही? कागदावर पहिलंच विचारलंय, खरा घेणारा तूच का म्हणून! राज्याबाहेरच्या पोरासाठी घेतोय म्हणालास तर मला विकता येत नाही. आणि तो कुठं राहतो? न्यू जर्सीत! तिकडे असल्या बंदुकीला साफ बंदी आहे. नुसती गाडीच्या डिकीत सापडली तरी पोरगं वर्षानुवर्षं खडी फोडेल."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे? मग डोकं ताळ्यावर आहे ना तुझं? हरणाची रायफल घे त्याला. ही बघ, चांगली आहे. ती कागदपत्रं करून नेता तरी येईल."

"नेता येईल ती नकोय," लमार म्हणाला.

रेप्शरने पुढे केलेली रायफल खाली ठेवली. 

"ही इथंच राहील," लमार म्हणाला. बोलताना तो रेप्शरकडे बघत नव्हता, काउंटरच्या काचेकडे बघत होता. "माझ्या नावावर, माझ्या कपाटात, माझ्या कुलपात. डॅरिलला उडवावीशी वाटली तर यावं लागेल. परत वाटली तर परत यावं लागेल. नदीपलीकडे ती जाऊ शकत नाही, कार्लटन. कधीच जाऊ शकत नाही."

 रेप्शरने नाक खाजवलं.

"मक्याचे दाणे टाकून हरणं बोलावणं आपल्याकडे गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?"

"पोरांना बोलावणं नाही."

"नाही," रेप्शर कबूल झाला. "तेवढं अजून नाही." मग त्याने पेन परत दिलं आणि मोठ्या, दुकानदारी आवाजात विचारलं, "तर मिस्टर ट्रेक्सलर, ही कोणाची?"

"माझी," लमार म्हणाला. ते म्हणताना त्याला कसंसंच झालं, दुसऱ्याच्या ताटातलं उचलल्यासारखं. पण सही केली. रेप्शरने पोलिसांकडे तपासणीचा फोन लावला, पलीकडच्यांनी हिरवा कंदील दिला, आणि लमार खोका छातीशी धरून बाहेर पडला.

फोन करायला मात्र त्याला रविवार उजाडावा लागला. काय बोलायचं ते त्याने भांडी घासता घासता पाठ केलं होतं, आणि पोराचा आवाज ऐकल्याबरोबर सगळं पुसलं गेलं.

"काय डॅड, बरं आहे ना?"

"बरं आहे. तुमच्याकडे पाऊस?"

"थोडा. तुमच्याकडे?"

"थोडा." दोघांवर एकच ढग होता, पण असो. "ट्रकला टायर घातले नवे."

"बरं केलंस. नोएलचं काय, फुटबॉलच फुटबॉल चाललंय. दर शनिवारी."

"डॅरिल, तुझी एक वस्तू आहे इकडे."

"माझी? कुठली?"

"ये की बघायला."

"पाठव ना पोस्टाने."

"पोस्टाने येत नाही ती."

"एवढी मोठी आहे? मग कधी इकडे आलास तर घेऊन ये."

"आणता पण येत नाही," लमार म्हणाला आणि शेवटी त्याला सांगावंच लागलं. "स्टर्लिंग आहे. ती बाजूच्या मॅगझिनची. खरी. म्हणजे कायद्यात बसते तेवढी खरी."

 लमारने फोन कानाशी इतका दाबला की कान दुखायला लागला.

"डॅड," डॅरिल म्हणाला, "मी बारा वर्षांचा होतो."

"हो. जरा उशीर झाला."

आणि डॅरिल हसला! तोंड भरून हसला. लमारला ते हसू इतक्या वर्षांनी ऐकून खुर्चीत बसावं लागलं. "येतो," डॅरिल म्हणाला, "शनिवारी जमतं का बघतो."

त्या शनिवारी जमलं नाही. नोएलची मॅच होती. पुढच्या शनिवारी डॅरिलला कामावर बोलावलं. प्रत्येक वेळी तो फोन करून सांगायचा, मनापासून वाईट वाटून सांगायचा, आणि प्रत्येक वेळी लमार म्हणायचा, "अरे असू दे, ती कुठं पळून जातेय?" आणि फोन ठेवून पोर्चवर जाऊन बसायचा. तिथून पुलाकडून येणारा रस्ता दिसतो. प्रत्येक करडी गाडी त्याला डॅरिलचीच वाटायची. वळणावर ती दुसरीकडे वळली की त्याचा चेहरा पडायचा, आणि पुढची दिसली की पुन्हा मान वर.

घरात त्याने जय्यत तयारी केली होती. बंदुकांच्या कपाटातला मधला कप्पा रिकामा करून स्वतःच्या दोन्ही रायफली कोपऱ्यात सरकवल्या. कार्बाइनला रोज तेलाचं फडकं फिरवायचा, इतकं की व्हर्ना म्हणाली, "आर्लीनची चांदीची भांडी कधी पुसली होतीस का रे अशी?" गोळ्यांचं खोकं फोडलं नव्हतं. तिकडे रेप्शर दिसेल तिथं विचारायचा, "काय, चालते कशी?"

"माहीत नाही," लमार म्हणायचा. "डॅरिल यायचाय अजून."

पुढे पुढे रेप्शरने विचारायचं सोडलं. तेच लमारला जास्त लागलं.

मेपलची पानं गळून गेली. पोर्चवर बसायला आता जाड कोट लागत होता. व्हर्ना एकदा न राहवून म्हणाली, "अरे मेल्या, आजारी पडशील! आत बस. बेल वाजवता येते त्याला."

"इथं हवा बरी आहे," लमार म्हणाला. नाकाचा शेंडा लाल झालेला.

आणि मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी, फोनबिन न करता, डॅरिलची गाडी दारात येऊन उभी राहिली. लमार नेमका तेव्हा संडासात होता! इतके दिवस रस्ता राखला आणि ऐन वेळी हे. पट्टा लावत धावत आला तर डॅरिल स्वयंपाकघरात उभा. केस कानांवर पांढरे झालेले. पोराचे केस पांढरे झालेत आणि आपल्याला पत्ता नाही!

"कुठाय ती?" डॅरिलने विचारलं.

लमारने कपाट उघडलं.  डॅरिलने ती दोन्ही हातांनी बाहेर काढली, मॅगझिन काढून आत गोळी नाही ना बघितलं, जसं बापाने शिकवलं होतं तसंच, आणि मग भोकांच्या त्या जाळीवरून अंगठा फिरवला.

"नाक लांब आहे हिचं."

"सरकारने वाढवलंय."

"माझ्या नळातली भोकं इतकी सरळ नव्हती."

"माझं ड्रिल पण मोडलंस तेव्हा."

दोघं नेमबाजीच्या क्लबच्या मैदानावर गेले. आमचा क्लब जुन्या खाणीत आहे, तिन्ही बाजूंनी दगडाची भिंत, टोकाला लोखंडी ताटल्या टांगलेल्या. डॅरिलने पहिली गोळी झाडली आणि ताटली ठणकन वाजली. मग दुसरी. मग तो जो सुटला! मॅगझिन संपलं की भरायचा, भरलं की संपवायचा, आणि दर वेळी ताटली वाजली की "ऐकलंस, डॅड?" म्हणून मागे वळून बघायचा. पोट सुटलेला, चष्मा लावणारा पुरुष, आणि चेहरा बारा वर्षांच्या पोराचा. लमारने ताटल्यांकडे बघितलंच नाही. तो डॅरिलच्या मानेकडे बघत होता. तिथं केसांचा भोवरा होता, लहानपणी आर्लीन थुंकी लावून बसवायची तो. हा दिवस इथंच थांबावा, एवढंच त्याला वाटत होतं. आणखी काही नको. मॅगझिन कधी संपूच नये.

"तू उडव ना," डॅरिल म्हणाला.

"नको, तूच. तुझी आहे."

खोकं रिकामं झालं तेव्हा दोघांचीही बोटं गारठ्याने वाकत नव्हती. घरी येऊन लमारने व्हर्नाच्या पेस्टी गरम केल्या, लोणच्याची बरणी काढली, कॉफी टाकली. डॅरिल जुन्या जागेवर बसला, भिंतीकडच्या खुर्चीत, कोणी न सांगता. लमारचा आनंद पोटात मावेना. आता हे असंच, तो मनात म्हणत होता. महिन्यातून एकदा तरी. निदान हरणांच्या मोसमात तरी. आता इथं त्याचं काहीतरी आहे.

"डॅड, एक सांगायचं होतं," डॅरिल म्हणाला. त्याने पेस्टीचा तुकडा मोडला आणि खाल्ला नाही. "फोनवर सांगायचं नव्हतं. म्हणून आलो खरं तर."

लमारने कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"आम्ही चाललोय इथून. नॉर्थ कॅरोलिनाला. जेनाच्या ऑफिसने तिची बदली केलीय, मोठी जागा आहे, तिला सोडवत नाही. मला पण तिकडे मिळेल काहीतरी. मार्चमध्ये निघायचं."

"मार्चमध्ये," लमार म्हणाला.

"हो. घर बघून आलोय."

"लांब आहे."

"दिवसभराची गाडी. पण रस्ता चांगला आहे."

लमारने मान हलवली. रस्ता चांगला आहे हे ऐकून घेतलं.  मग डोळे कपाटाकडे गेले आणि डॅरिलचेही तिकडेच गेले, आणि पोराचा चेहरा एकदम उजळला.

"पण ऐक ना, एक मजा झालीय! मी मघाशी तिथं उडवताना हाच विचार करत होतो. तिकडे चालते ही! कॅरोलिनात काही बंदी नाही. जर्सीत असतो तर जन्मभर इथं येऊनच बघावी लागली असती. आता माझ्याकडे राहू शकते, माझ्याच घरात. रेप्शरला सांग, तो तिकडच्या एखाद्या दुकानाला कुरियरने पाठवेल, तिथं मी कागद भरून घेईन. मला परत इकडे खेप पण घालायला नको. तुला त्रास नको, मला त्रास नको." तो खुशीत हसला. "डॅड, तू मला असं काही देशील असं मला कधी वाटलंच नव्हतं. खरंच सांगतो."

लमारच्या तोंडात मारल्यासारखं झालं. कुरियरने. खेप पण घालायला नको. 'माझी आहे ती' असं म्हणणं त्याच्या जिभेच्या टोकावर आलं, सही त्याचीच होती, कपाट त्याचंच होतं, किल्ली खिशात होती. एक शब्द बोलला असता तर बंदूक इथंच राहिली असती. पण पोरगा समोर बसून हसत होता, आणि देऊन टाकलेली वस्तू परत ओढायची हे लमारला जन्मात जमलं नव्हतं.

"सांगतो रेप्शरला," तो म्हणाला. "तुझीच आहे."

डॅरिल उठला. संध्याकाळ व्हायच्या आत त्याला नोएलला मैत्रिणीकडून आणायचं होतं. जाता जाता त्याने बापाला अर्धवट मिठी मारली, एका हाताची, पाठीवर दोन थापांची, आमच्याकडचे पुरुष मारतात तशी. दार लागलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

लमार स्वयंपाकघरात उभा होता. टेबलावर पेस्टीचा मोडलेला तुकडा तसाच होता. त्याने ओट्याचा काठ धरला, सोडला, आणि मग हा पाटीच्या दगडाइतका मुका माणूस कोटही न घालता बाहेर धावला. डॅरिल गाडी मागे घेत होता. त्याने तळहाताने काच बडवली.

डॅरिलने घाबरून काच खाली केली. "काय झालं? काही राहिलं का माझं?"

"पुढच्या रविवारी ये," लमार म्हणाला. त्याला धाप लागली होती.

"पुढच्या... गोळ्या संपल्या ना पण? रेप्शर रविवारी..."

"गोळ्या नाहीत. बंदूक काढायची नाही. ती उद्याच देऊन टाकतो रेप्शरला, नाहीतरी. घरात काही नाही तुझं. काही म्हणजे काही नाही. तरी ये."

"काही काम आहे का, डॅड? तब्येत..."

"काम नाही, तब्येत नाही!" लमार ओरडलाच. समोरच्या घरात व्हर्नाचा पडदा हलला. "ती बंदूक नको होती मला. तू हवा होतास. तू यावास म्हणून घेतली ती. तिला पूल ओलांडता येत नाही, म्हणजे तुला ओलांडावा लागेल, म्हणून. मार्चपर्यंत तरी ये रे. मग जा. मी अडवत नाही. पण तोवर ये."

एवढं बोलून त्याला लाज वाटली आणि तो रस्त्याकडे बघायला लागला. हात मात्र गाडीच्या दारावरच होता, गारठ्याने लाल झालेला.

 डॅरिलने खिशातून फोन काढला, जेनाला सांगितलं की नोएलला आज तूच आण, मला उशीर होईल. मग गाडी बंद केली आणि खाली उतरला.